डुकराची किडनी माणसाला: कुठून निघालो, कुठवर आलो

दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसं जमतात. १९४३ साली याच दिवशी इथे इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मुरबाड, शहापूर, कर्जतकडची मंडळी त्यांना अभिवादन करायला येतात. ओळखीचे पेशंट भेटतात, आणि डॉक्टर दिसला की माणसं चप्पल काढायच्या आधी रिपोर्ट काढतात. माझी त्याला हरकत नसते.

तिथेच एक गृहस्थ भेटले. वय चाळिशीचं, घरची भातशेती. गेली दोन वर्षं ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कल्याणला जातात. सोबत त्यांच्या पत्नी. किडनी देण्यासाठी तपासण्या करून घ्यायची तयारी वहिनींनी कधीच दाखवली होती, फाईलही तयार झाली होती. मी विचारलं, "दादा, तपासण्या कुठवर आल्या?" ते हसले, मोबाईल काढला आणि एक व्हिडिओ दाखवला. "डॉक्टरसाहेब, आता डुकराची किडनी बसवतात माणसाला. अमेरिकेत झालंय. मग हिला कशाला कापायची? आम्ही थांबायचं ठरवलंय."

वहिनी काही बोलल्या नाहीत.

त्या गृहस्थांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. आपल्यासाठी बायकोच्या अंगावर सुरी फिरू नये, असं वाटणारा नवरा वाईट माणूस नसतो. (जाता जाता सांगतो, आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त असतात: आई, बायको, बहीण. "मी देतो" म्हणणारा भाऊ मला कमीच भेटतो.) पण "थांबायचं ठरवलंय" या शब्दांनी मी अस्वस्थ झालो. थांबायचं तर किती? ज्याच्यासाठी थांबायचं ते नेमकं आहे कुठे? तिथे उभ्या उभ्या दोन वाक्यांत हे सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून ही गोष्ट सुरुवातीपासून लिहितो आहे. त्यांच्यासाठी, आणि असे व्हिडिओ पाहून थांबलेल्या तुमच्यापैकी प्रत्येकासाठी.

आधी एक गंमत सांगतो. डायलिसिसवर असाल, तर डुकराशी तुमचा संबंध आधीच आलेला आहे. मशीनच्या नळ्यांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे हिपॅरिन देतात, ते बहुतांश डुकराच्या आतड्यापासून बनवलेलं असतं. मधुमेहाचं इन्सुलिन १९८०च्या दशकापर्यंत गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढलं जायचं, त्यावर माणसांच्या दोन पिढ्या जगल्या. हृदयाची खराब झडप बदलताना डुकराची झडप किंवा गाई-बैलाच्या हृदयावरच्या आवरणाचा तुकडा वापरण्याची पद्धत १९६०-७०च्या दशकांपासून चालत आली आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका माळकरी आजोबांना अशी झडप बसवलेली आहे. त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "चालतं का हो हे?" मी म्हणालो, "आजोबा, ती चालतेय म्हणूनच तुम्ही चालताय."

मग झडप चालते तर किडनी का चालत नाही? सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे.

याचं अर्धं उत्तर आपल्याच भागात, सर्पदंशाच्या पेशंटच्या खाटेजवळ मिळतं. पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी घोणस, फुरसं, मण्यार यांपैकी काही चावलं की पेशंटला 'सापाचं इंजेक्शन' देतात. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या थोड्या प्रमाणात टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, त्या वेगळ्या काढून शुद्ध करतात. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव महाराष्ट्रात या औषधाशी पिढ्यान् पिढ्या जोडलेलं आहे. हे इंजेक्शन देताना शेजारी ॲड्रेनॅलिन भरून का ठेवतात, हे तुमच्यापैकी कुणी नातेवाईक म्हणून पाहिलं असेल. काही पेशंटना ते सुरू होताच अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, रक्तदाब कोसळतो. काहींना आठ-दहा दिवसांनी ताप येतो, सांधे धरतात. औषध खराब असतं म्हणून असं होत नाही. शरीर घोड्याचं प्रथिन ओळखतं आणि म्हणतं, हे माझं नाही.

हे झालं बाटलीतल्या औषधाचं, काही दिवसांत शरीराबाहेर जाणाऱ्या प्रथिनाचं. झडपेचा प्रकार वेगळा. ती रसायनात बुडवून तिच्यातल्या जिवंत पेशी मारलेल्या असतात, ती कमावलेल्या कातड्यासारखी असते. तिच्यात शरीराला भांडायला फारसं काही उरत नाही. किडनी मात्र जिवंत लागते. तिच्यातून दर मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त फिरतं आणि तिची प्रत्येक पेशी त्या रक्तासमोर उघडी असते. तिथे लपायला जागा नाही.

माणसाला हे कळायला तीन शतकं लागली. १६६७ साली पॅरिसमध्ये जाँ-बाप्तिस्त देनी नावाच्या डॉक्टरने एका मुलाच्या शिरेत कोकराचं रक्त सोडलं. मुलगा वाचला. रक्त थोडं होतं, नशीब मोठं होतं. पुढे त्याच डॉक्टरचा दुसरा पेशंट दगावला, प्रकरण कोर्टात गेलं आणि रक्त चढवण्याचा सगळा उद्योगच बंद पडला. माणसामाणसांतही रक्तगट असतात, हे कार्ल लँडस्टायनरने दाखवलं ते १९०१ साली. म्हणजे देनीच्या काळी माणसाचं रक्त माणसाला देणंही आंधळी कोशिंबीरच होती.

पुढचा टप्पा शिवणकामाचा. रक्तवाहिनीला रक्तवाहिनी जोडता आल्याशिवाय अवयव बसवता येत नाही. फ्रान्समधल्या लिआँ शहरात मातिए जाबुले या सर्जनने १९०६ साली एका बाईच्या कोपराजवळच्या रक्तवाहिन्यांना डुकराची किडनी जोडली. दुसऱ्या पेशंटला बकरीची. दोन्ही किडन्या तासभर चालल्या आणि बंद पडल्या. त्याचाच शिष्य आलेक्सी कारेल याने रक्तवाहिन्या शिवण्याची पद्धत पक्की केली आणि १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी टाके घालता येत होते. अडत होतं ते पुढेच.

१९५४ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्या भावाला बसवली. ती चालली, कारण ते तंतोतंत जुळे होते. शरीराला ती स्वतःचीच वाटली. पण सख्खा जुळा कितीजणांना असतो? डायलिसिस तेव्हा मोजक्या ठिकाणी होतं, मृत व्यक्तीचे अवयव घेण्याची व्यवस्था नव्हती. किडनी गेली म्हणजे माणूस गेला. अशा वेळी अमेरिकेतल्या ट्युलेन विद्यापीठात कीथ रिम्ट्स्मा यांनी १९६३-६४ मध्ये १३ पेशंटना चिंपांझीच्या किडन्या बसवल्या. बहुतेक जण काही आठवड्यांत गेले. एक शिक्षिका मात्र नऊ महिने जगली, कामावरही परत गेली. नऊ महिने! त्या काळी माणसाची किडनी बसवलेले कित्येकजण इतके जगत नव्हते. जानेवारी १९६४ मध्ये मिसिसिपीत जेम्स हार्डी यांनी एका मरणासन्न माणसाच्या छातीत चिंपांझीचं हृदय बसवलं. ते लहान पडलं आणि तासाभरात थांबलं.

आता परळला या. हाफकिन संस्थेपासून जवळच केईएम हॉस्पिटल आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आहे. हे कॉलेज १९२०च्या दशकात निघालं तेच भारतीय डॉक्टरांनी शिकवावं आणि चालवावं या हट्टाने. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन सर्जरी विभागाचे प्रमुख होते. प्राण्यांवर त्यांनी कित्येक वर्षं हृदय काढून बसवण्याचा सराव केला होता. १९६५ साली केईएममध्येच भारतातला किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला, मृत व्यक्तीची किडनी घेऊन. पेशंट फार दिवस जगला नाही. मग ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवलं आणि जगभर खळबळ उडाली. तो पेशंट १८ दिवस जगला. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी केईएममध्ये हृदय बदललं. जगातलं हे सहावं हृदय प्रत्यारोपण, आशियातलं पहिलं. देणारी तरुणी रेल्वेगाडीतून पडून जखमी झालेली होती, घेणारा एक तरुण शेतकरी होता. नवं हृदय धडधडलं, पण साधारण तीन तासांत पेशंट गेला. त्याच वर्षी केलेला दुसरा प्रयत्नही टिकला नाही.

मला सेन यांच्या या कहाणीबद्दल नेहमी दोन गोष्टी वाटतात. एक म्हणजे धाडस. महापालिकेचं हॉस्पिटल, तुटपुंजी साधनं, आणि जगातल्या पहिल्या चार सर्जनांमध्ये नाव. दुसरी म्हणजे, हात तयार होते पण बाकी काहीच तयार नव्हतं. मेंदू मेला पण हृदय चालू आहे अशा व्यक्तीला मृत म्हणायचं का, याबद्दल कायदा गप्प होता. प्रतिकारशक्ती आवरायला जी औषधं होती ती बोथट होती, द्यावी तेवढी कमी आणि दिली तर जंतुसंसर्गाने पेशंट जायचा. जगभर हेच झालं. १९६८ साली उत्साहाने सुरू झालेले हृदय प्रत्यारोपणाचे कार्यक्रम दोन-तीन वर्षांत बहुतेक ठिकाणी बंद पडले. मुंबईत पुन्हा हृदय प्रत्यारोपण झालं ते ऑगस्ट २०१५ मध्ये, पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडला बसवून. मधे ४७ वर्षं गेली.

या वर्षांत दोन गोष्टी घडल्या. नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघालं आणि १९८०च्या दशकात हातात आलं. त्याने माणसाची किडनी माणसात वर्षानुवर्षं टिकू लागली. आणि दुसरी गोष्ट कायद्याची. तिच्यात आपल्या राज्याचा वाटा आहे.

किडनी टिकू लागली तसा तिला भाव आला. १९८०च्या दशकात आणि पुढेही भारतातल्या मोठ्या शहरांत गरीब माणसाची किडनी विकत घेण्याचा बाजार सुरू झाला, मुंबईही त्यात होती. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून संसदेला कायदा करायचा तर राज्यांनी तसा ठराव करावा लागतो. तो ठराव करणारी राज्यं तीन: महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. त्यातून १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि फेब्रुवारी १९९५ पासून पहिल्यांदा याच तीन राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. मेंदूमृत्यूला मान्यता, विक्रीला बंदी, नोंदणी नसलेल्या ठिकाणी प्रत्यारोपणाला बंदी. आज तुम्ही किडनीसाठी नाव नोंदवता, समितीपुढे बसता, नातं सिद्ध करायला कागद गोळा करता आणि वैतागता. तो सगळा व्याप त्या बाजारामुळे आला आहे.

हा कायदा नवा असतानाच आसामात ते प्रकरण घडलं. जानेवारी १९९७ मध्ये गुवाहाटीजवळच्या सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी ३२ वर्षांच्या एका पेशंटला डुकराचं हृदय बसवलं. पेशंट सात दिवस जगला. बरुआ आणि हाँगकाँगहून आलेल्या त्यांच्या सहकाऱ्याला अटक झाली, ४० दिवस तुरुंगात काढावे लागले, चिडलेल्या जमावाने त्यांच्या संस्थेची नासधूस केली. "भारतीय डॉक्टरने अमेरिकेच्या पंचवीस वर्षं आधी हे केलं होतं" असे मेसेज आजकाल फिरतात. तुमच्याकडेही आले असतील. मला त्या मेसेजचा अभिमान वाटत नाही. ते डुक्कर साधं होतं, त्याच्या जनुकांत काहीही बदल केलेला नव्हता. आधी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांचे जगाने तपासलेले निकाल नव्हते. चौकशीत ती शस्त्रक्रिया अनैतिक ठरली. धाडस सेन यांच्याकडेही होतं, पण जगात जे तेव्हा माहीत होतं त्याच्या आधारावर ते उभे होते. १९९७ साली डुकराचा अवयव माणसात का टिकत नाही, हे शास्त्रज्ञांना माहीत झालेलं होतं. माहीत असलेलं बाजूला ठेवून एका गरजू माणसाच्या छातीवर केलेला प्रयोग आणि धाडस, यांत फरक करायला हवा.

काय माहीत झालं होतं? सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

डुकराच्या पेशींवर एक विशिष्ट साखर असते. तिला अल्फा-गॅल म्हणतात. गाय, बकरी, कुत्रा यांच्यातही ती असते. माणूस, चिंपांझी आणि आपल्याकडची माकडं-वानरं यांच्यात ती नसते, आपल्या पूर्वजांमध्ये ती बनवणारं जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी बंद पडलं. पण आपल्या आतड्यातल्या कित्येक जिवाणूंवर ती साखर असते. त्यामुळे अगदी तान्हेपणापासून आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार असतात. घोड्याच्या सीरमविरुद्ध बहुतेकांच्या शरीराला नव्याने फौज उभी करावी लागते, डुकराविरुद्ध ती नाक्यावर उभीच असते. साध्या डुकराची किडनी जोडून रक्त सोडलं की काही मिनिटांत ती निळी-काळी पडते, आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि खेळ संपतो. सायक्लोस्पोरिनचा इथे उपयोग नाही, कारण ते नवी फौज भरती होऊ देत नाही, आधीच उभी असलेली हटवत नाही. जाबुलेच्या दोन्ही किडन्या तासाभरात का थांबल्या, ते ऐंशी-नव्वद वर्षांनी असं कळलं. चिंपांझीची किडनी नऊ महिने का चालली, त्याचंही उत्तर यातच आहे.

मग चिंपांझीच का नको? त्यांची संख्या कमी, पिल्लू वाढायला वर्षं लागतात, ते आपल्या इतकं जवळचं की त्याला मारणं बहुतेकांना पटत नाही. शिवाय जवळच्या प्राण्याचे विषाणू माणसात सहज शिरतात. एचआयव्ही मूळचा चिंपांझींकडूनच आलेला आहे. १९८४ साली कॅलिफोर्नियात एका नवजात मुलीला बबून माकडाचं हृदय बसवलं होतं. ती २१ दिवस जगली, त्यावर जगभर वाद झाला आणि हळूहळू सगळे डुकराकडे वळले. डुक्कर पावणेचार महिन्यांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं देते, वर्षभराच्या आत त्याचे अवयव माणसाच्या मापाचे होतात. आपल्याकडे रानडुकरं एका रात्रीत नाचणीचं शेत साफ करतात तेव्हा त्यांची ही भराभर वाढणारी पिलावळ कुणाला कौतुकाची वाटत नाही, पण प्रयोगशाळेला ती हवीच होती.

आता उरलं ती साखर काढणं. डॉली मेंढी १९९६ साली जन्मली, तेव्हा एका पेशीपासून आख्खा प्राणी वाढवता येतो हे कळलं. मग असं करता आलं: डुकराच्या पेशीतलं साखर बनवणारं जनुक बंद करायचं, त्या पेशीपासून पिल्लू जन्माला घालायचं. २००२-०३ च्या सुमारास अल्फा-गॅल नसलेली पिल्लं जन्मली. पुढे क्रिस्पर हे तंत्र आलं आणि जनुकांत बदल करणं फारच सोपं झालं. वहीच्या हजारो पानांतून नेमकं एक अक्षर शोधून खोडावं, तसं. एक साखर काढल्यावर आणखी दोन त्रास देणाऱ्या साखरा सापडल्या, त्याही काढल्या. डुकराच्या आणि माणसाच्या रक्तातल्या गोठण्याच्या यंत्रणा जुळत नाहीत, म्हणून माणसाची काही जनुकं डुकरात घातली. अवयव माणसाच्या छातीत वाढत बसू नये म्हणून वाढीच्या हार्मोनला प्रतिसाद देणारं जनुक बंद केलं. एक विषाणूचा प्रश्नही होता. डुकराच्या स्वतःच्या जनुकांतच काही विषाणू दडलेले असतात आणि ते प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींत शिरू शकतात, हे १९९७ सालीच दिसलं होतं. हो, आसामातली ती शस्त्रक्रिया झाली त्याच वर्षी.

हे सगळं झाल्यावर ७ जानेवारी २०२२ ला अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात ५७ वर्षांच्या एका पेशंटला दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचं हृदय बसवलं. सर्जन बार्टली ग्रिफिथ. त्यांचे सहकारी मोहम्मद मोहिउद्दीन हे कराचीत शिकलेले मुस्लिम डॉक्टर. डुकराच्या हृदयावर ज्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं काम केलं, त्यांच्यासाठी तो प्रश्न किती अवघड असेल ते आमच्या माळकरी आजोबांना विचारा. पेशंट दोन महिने जगला. नंतर त्या हृदयात डुकराचा एक विषाणू सापडला, तपासणीतून निसटलेला. २०२३ मध्ये दुसरा पेशंट सहा आठवडे जगला.

किडनीची पाळी मार्च २०२४ मध्ये आली. बोस्टन, तेच शहर जिथे १९५४ मध्ये जुळ्या भावांवर ती शस्त्रक्रिया झाली होती. ६२ वर्षांच्या पेशंटला बसवलेल्या किडनीत ६९ बदल होते, त्यांतले ५९ फक्त दडलेले विषाणू बंद करण्यासाठी. किडनीने लघवी केली, पेशंट डायलिसिसशिवाय घरी गेला. दोन महिन्यांनी त्याचं निधन झालं, डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार किडनी नाकारली गेली म्हणून नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला एका महिलेला बसवलेली किडनी १३० दिवस चालली, मग नाकारली गेल्याने काढावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये बोस्टनला बसवलेली आणखी एक किडनी २७१ दिवस चालली. शेवटी तीही काढली. पेशंट जिवंत होता, पुन्हा डायलिसिसवर गेला. २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी पहिल्या रीतसर चाचण्यांना परवानगी दिली. आधीची ऑपरेशनं ही 'दुसरा काहीच मार्ग नाही' अशा एकेका पेशंटसाठी दिलेल्या खास परवानगीने झाली होती.

१९०६ साली एक तास, आता नऊ महिने. मी हे तुच्छतेने सांगत नाही. माझ्या हयातीत मी पाहिलेल्या वैद्यकातल्या सर्वांत मोठ्या गोष्टींपैकी ही एक आहे, आणि त्या दादांची मुलं मोठी होतील तेव्हा कदाचित डुकराची किडनी ही आजच्या झडपेसारखी साधी गोष्ट झालेली असेल. पण आज जवळच्या नात्यातल्या जिवंत माणसाची किडनी नीट जुळली, औषधं वेळेवर घेतली, तर दहा-पंधरा वर्षं आणि कित्येकदा त्याहून जास्त चालते. भारतात डुकराची किडनी पेशंटला उपलब्ध नाही. कुणी एजंट फोनवर "नाव नोंदवून ठेवा, ॲडव्हान्स द्या" म्हणाला तर तो फसवतो आहे, सरळ पोलिसांत जा.

आणि वाट पाहण्याची किंमत असते. डायलिसिस जीव वाचवतं, पण किडनीचं सगळं काम करत नाही. वर्षं जातात तसा हृदयावर ताण येतो, हाडं ठिसूळ होतात, वारंवार रक्त द्यावं लागलं तर शरीरात नव्या अँटीबॉडी तयार होतात आणि पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. डायलिसिसवर जितका जास्त काळ, तितका प्रत्यारोपणाचा निकाल साधारणपणे कमी चांगला लागतो, हे पक्कं माहीत आहे. म्हणून घरात किडनी द्यायला कुणी मनापासून तयार असेल तर तपासणी आज करा. तपासणी म्हणजे ऑपरेशन नव्हे. देणाऱ्याच्या दोन्ही किडन्या, रक्तदाब, साखर, सगळं पाहतात, आणि धोका वाटला तर डॉक्टरच नाही म्हणतात. देणाऱ्यालाही शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणायचा हक्क आहे, तो कायद्यानेच दिलेला आहे. घरात कुणी नसेल तर मृत दात्याच्या यादीत नाव घाला. दोन्ही एकाच वेळी करता येतं का, ते तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारा.

मी त्या दादांना एवढंच विचारलं होतं, "वहिनींना विचारलंत का, की थांबायचं का म्हणून?" ते गप्प झाले. वहिनींनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल काढली. त्या दिवशीही ती त्यांच्या सोबत होती. त्यांचा रक्तगट ओ आहे, दादांचा बी. तसा ओ गटाचा माणूस बी गटाच्या पेशंटला किडनी देऊ शकतो. पुढची तपासणी क्रॉसमॅचची, त्यासाठी दोघांना एकाच दिवशी मुंबईला जावं लागेल, डायलिसिस नसेल असा दिवस धरून. त्यांनी मंगळवार सांगितला आहे.